खुनी सापडेपर्यंत पळसदरी

पळसदरीच्या पासधारकाला एखादी कादंबरी कशी वाटली असं विचारलं, तर तो ‘बरी’ किंवा ‘भिकार’ असं सांगत नाही. तो स्टेशनं सांगतो. “ठाण्यापर्यंत ढकलावी लागते, कल्याणनंतर पळते.” “खुनी बदलापूरलाच कळला, मग वांगणीपर्यंत नुसतं रीत म्हणून वाचलं.” “शेलूला डोळा लागला, भिवपुरीला जाग आली, तरी कथानक होतं तिथेच उभं.” वर्तमानपत्रांत पुस्तकांना तारे देतात. तीन तारे म्हणजे पुस्तक नेमकं किती वाईट, हे तारे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण ‘शेलूला डोळा लागला’ म्हटलं की मध्य रेल्वेच्या कुठल्याही प्रवाशाला त्या पुस्तकाची लायकी लख्ख दिसते.

हे माप त्याला परवडतं, कारण अंतर भरपूर आहे. मुंबईहून कर्जत १०० किलोमीटर. तिथून खोपोलीकडे फुटलेल्या एकेरी मार्गावर पहिलं स्टेशन पळसदरी. पुढे केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. संध्याकाळची खोपोली लोकल दादरला मिळाली आणि तिच्यात चौथ्या सीटवर का होईना टेकायला जागा झाली, तर दोन तासांहून जास्त वेळ हाती लागतो. ती चुकली तर कर्जत लोकलने यायचं आणि कर्जतच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. त्या बसण्यात एक प्रकरण, एक वडा आणि क्वचित एक प्रेतही होऊन जातं. (प्रेत पुस्तकातलं.)

वाचतो तो फक्त दोन प्रकार: रहस्य आणि अद्भुत. सामाजिक कादंबरी रोज डब्यात फुकट घडते, ती विकत कशाला घ्यायची, हा त्याचा हिशेब. कौटुंबिक कादंबरीबद्दलही त्याचं तेच मत आहे, फक्त ते तो घरी बोलत नाही.

पुस्तकांची ददात या मार्गावर कधी नव्हतीच. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय निघालं १८६४ मध्ये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. म्हणजे वाचायची सोय आणि वाचत जायची सोय जवळजवळ हातात हात घालून आली. पासधारक मात्र आपली पुस्तकं दादरच्या पदपथावरून घेतो, नाहीतर एका खासगी लायब्ररीतून आणतो. तिचं नाव इथे नको. नको अशासाठी की तिथल्या पुस्तकांत छापलेल्या कथेइतकीच पेन्सिलीनं लिहिलेली कथाही असते.

गेल्या पावसाळ्यात आणलेल्या एका जुन्या रहस्यकथेच्या अकराव्या पानावर पुतण्याचं पहिल्यांदा नाव आलं आणि त्या नावापाशी बाण काढून कोणीतरी लिहिलं होतं : ‘हाच!’ पासधारकाचा जीव चडफडला. पण खाली दुसऱ्या हस्ताक्षरात होतं : ‘हा नाही. फसू नका.’ त्याच्याही खाली तिसऱ्या, जरा शिक्षकी वळणाच्या अक्षरात : ‘दोघेही चूक. पान १९२ पाहावे.’ पासधारकाने पान १९२ पाहिलं. १९० नंतर एकदम १९५ होतं. मूळ लेखकाने रचलं त्याहून हे रहस्य अधिक पक्कं होतं आणि ते आजतागायत सुटलेलं नाही.

त्याच्या पत्नीला हा प्रश्नच पडत नाही. ती कुठलीही रहस्यकथा शेवटच्या पानापासून उघडते. खुनी कोण ते आधी बघून घेते, पुस्तक मिटते, कुकरला शिट्ट्या होऊ देते आणि मग निवांत पहिल्या पानाकडे वळते. “एकदा कोण ते कळलं की मग वाचता तरी येतं,” असं तिचं म्हणणं. “नाहीतर सगळा वेळ संशय घेण्यातच जातो.” पासधारकाला हा वाङ्मयीन व्यभिचार वाटतो. पण वाद घालायची सोय नाही. कारण तो ज्या दिवशी जास्त बोलेल त्या दिवशी ती एकच नाव उच्चारेल आणि त्याचं संध्याकाळचं परतीचं तिकीट फुकट जाईल.

मराठी रहस्यकथेबद्दल बोलायचं तर बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करावी लागते आणि बहुतेक वेळा तिथेच संपवावं लागतं, इतकी ती पुस्तकं आहेत. ‘चौकटची राणी’ १९४२ ची. त्यानंतर धनंजय आणि छोटू, झुंझार, काळापहाड या मंडळींना घेऊन त्यांनी हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. हजार भागिले चाळीस वर्षं धरलं तरी महिन्याला दोन पडतात. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईकांचा आकडा बाराशेच्या वर सांगतात. दोघांचे मिळून बावीसशे. प्रत्येक पुस्तकात हात आखडता घेऊन एकच खून धरला, तरी बावीसशे खून झाले. पासधारकाने हा हिशेब अंबरनाथ ते बदलापूर यांच्या दरम्यान वर्तमानपत्राच्या समासात मांडला. तेव्हा शेजारचे गृहस्थ हळूच सरकून बसले. चौथ्या सीटवरच्या माणसाला अशी अडीच इंच जागा मिळणं हा रहस्यकथेचा पहिला प्रत्यक्ष फायदा.

अर्नाळकरांना वाचताना तो अजूनही खूश असतो. पानाला एक दार उघडतं, पानाला एक पिस्तूल निघतं, डोक्याला ताप नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाने पुढे आयुष्यभर श्रीमंत दुष्टांना लुटणारे नायक रंगवले, यात त्याला एक सरळ रेषा दिसते. टीकाकारांनी या पुस्तकांकडे ढुंकून पाहिलं नाही आणि वाचकांनी टीकाकारांकडे. दोन्ही पक्ष सुखी राहिले.

त्याची तक्रार एकाच गोष्टीची आहे. या बावीसशे खुनांत ‘हद्द’ हा शब्द फार कमी वेळा येतो. खून झाला की धनंजय येतो, छोटू येतो, पोलीस अधिकारी आदबीने बाजूला होतो आणि तपास सुरू! पळसदरीला असं चालेल का? समजा, प्रेत रुळांजवळ सापडलं. पहिला प्रश्न : मारलं कोणी, हा नाही. पहिला प्रश्न : रुळांच्या आत की बाहेर? आत असेल तर रेल्वे पोलीस, बाहेर असेल तर तालुक्याचे. पाय आत आणि डोकं बाहेर असेल तर दोन्हीकडचे येतात आणि टेप लावून मोजतात. रूळ पुण्याकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाचे की खोपोली शाखेचे, हा उपप्रश्न. आणखी थोडं पुढे केळवलीच्या बाजूला सरकलं तर कर्जत तालुका संपून खालापूर लागतो. धनंजयला खुनी पान ९० वर सापडतो. इथे पान ९० वर पंचनामा कोणी करायचा ते ठरतं. पासधारकाचं ठाम मत आहे की अस्सल मराठी रहस्यकथा अजून लिहिली जायची आहे आणि तिचं नाव ‘हद्द’ असेल.

परदेशी रहस्यकथांनाही तो हीच गावठी फूटपट्टी लावतो. शेरलॉक होम्सची १८९२ ची एक गाजलेली कथा आहे, ‘सिल्व्हर ब्लेझ’. शर्यतीचा घोडा रात्रीतून नाहीसा होतो आणि राखणीचा कुत्रा त्या रात्री भुंकत नाही. त्यावरून होम्स ताडतो की आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. जग या अनुमानाला सव्वाशे वर्षं माना डोलावतंय. पळसदरीत हा सिद्धान्त साफ आपटतो. स्टेशनबाहेरची कुत्री ओळखीच्या माणसावरच भुंकतात. रोज साडेनऊला येणाऱ्या पासधारकाला ती घरापर्यंत बोंब ठोकत पोहोचवतात, कारण त्याच्या पिशवीत कोथिंबीर आणि कादंबरी यांच्यापलीकडे काही नसतं हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. शनिवारी धबधब्याला आलेली अनोळखी पोरं मात्र बिस्किटांचे पुडे घेऊन उतरतात; त्यांच्यामागून हीच कुत्री शेपट्या हलवत, अवाक्षर न काढता डोंगरापर्यंत जातात. म्हणजे इथे रात्री कुत्रा भुंकला नाही तर चोर नक्की मुंबईचा. होम्सने उलट्या टोकाने सुरुवात केली असती आणि घोड्याच्या मालकालाच बेड्या पडल्या असत्या.

अगाथा ख्रिस्तीला तो जास्त मानतो, कारण बाईंना रेल्वे कळत होती. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ १९५७ ची. दोन गाड्या काही क्षण समांतर धावतात आणि एका गाडीतल्या वयस्कर बाईंना शेजारच्या गाडीच्या खिडकीतून एक माणूस एका स्त्रीचा गळा आवळताना दिसतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात धीमी आणि जलद गाडी रोज अशाच खांद्याला खांदा लावून पळतात, त्यामुळे पासधारकाला हे चित्र चटकन पटलं. पटलं नाही ते पुढचं. गळा आवळायला दोन हात मोकळे लागतात आणि कोपरं पसरायला जागा लागते. संध्याकाळी सव्वासातच्या गाडीत ही चैन कोणाला? शिवाय बघणाऱ्यांचं काय? “चौथ्या सीटवरनं जुंपलेली दिसतेय,” एवढं म्हणून सगळे परत मोबाइलमध्ये डोकं घालतील.

‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) बद्दल त्याचा आक्षेप आणखी गंभीर आहे. बर्फात गाडी अडकते, डब्यात खून होतो आणि गुप्तहेर पोआरो एकेका प्रवाशाला बोलावून जबानी घेतो. उलगडा काय आहे तो इथे सांगायला नको. नव्वदी ओलांडलेल्या पुस्तकाचा शेवट फोडला तरी घरोघरी पत्नीबाजूचे लोक सोडून बाकी सगळे रागावतात. एवढंच सांगता येईल की पासधारकाला तो अशक्य वाटला. “एका डब्यातल्या इतक्या माणसांचं एकमत?” त्याने पुस्तक मिटून विचारलं. “आमच्याकडे पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावर २००९ पासून झालेलं नाही.”

आणि अडकलेली गाडी त्याने पाहिली आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी रात्रभर पाण्यात उभ्या असलेल्या गाडीत होते. दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. ख्रिस्तीबाईंच्या गाडीत एक डबा, डझनभर प्रवासी आणि खाणं देणारा स्वतंत्र कर्मचारी. ते बर्फही बहुधा लेखिकेच्या सोयीने पडलं. पोआरोला महालक्ष्मीत बसवला असता तर हजार जबान्या घेईस्तोवर नदी उतरून पुन्हा चढली असती. आणि प्रत्येक जबानीची सुरुवात एकच : “आधी मला सांगा, गाडी कधी सुटणार?”

अद्भुत कादंबऱ्यांकडे तो उशिरा वळला. त्या जाड असतात. पहिली शंभर पानं नकाशे, वंशावळी आणि उच्चार न करता येणारी नावं. त्यांना त्याने ‘बँकर लागणारी पुस्तकं’ असं नाव ठेवलं आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर म्हणजे जादा इंजिनं जोडतात, कारण पळसदरीनंतर घाट सुरू होतो आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही. तसं या पुस्तकांना पहिल्या शंभर पानांत मागून कोणीतरी ढोसणारं लागतं. पासधारकाच्या बाबतीत हे काम कॉलेजात जाणाऱ्या भाचीने केलं. “मामा, फक्त ड्रॅगन येईपर्यंत वाच,” असं म्हणत तिने त्याला खंडाळ्यापर्यंत चढवला.

‘द हॉबिट’ १९३७ चं, टॉल्किनचं. ते मराठीतही आलेलं आहे. त्यातला पर्वताखालच्या खजिन्यावर पसरलेला ड्रॅगन पासधारकाला अजिबात नवा वाटला नाही. गुप्तधनावरचा नाग! इकडच्या प्रत्येक डोंगराला असा एक लावून दिलेला आहे. त्याला फक्त पंख नाहीत आणि तो इंग्रजी बोलत नाही. पण पहिलं प्रकरण वाचताना मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बिल्बो नावाचा घरकोंबडा, खाण्यापिण्याचा शौकीन गृहस्थ दारात निवांत बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी न कळवता एक बुटका येतो, मग आणखी एक, मग दोन, मग पाच, असे तेरा जण आणि त्यांच्या सोबतीला एक जादूगार. कोणी केक मागतो, कोणी कॉफी, कोणी अंडी. फडताळ रिकामं होतं. टॉल्किन ऑक्सफर्डचा प्राध्यापक होता असं म्हणतात. पासधारकाच्या मते तो जुलैतल्या रविवारी पळसदरीत राहून गेलेला असणार. “धबधब्याला आलो होतो, म्हटलं जाता जाता तुमच्याकडे डोकावून जावं,” असं म्हणत ओले कपडे घेऊन आत शिरणारे तेरा जण इथल्या प्रत्येक घराने पाहिले आहेत. फरक इतकाच की बिल्बोच्या पाहुण्यांनी भांडी तरी घासली.

हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ चा. किंग्ज क्रॉस स्टेशनवर नऊ आणि दहा यांच्यामधला पावणेदहा क्रमांकाचा अदृश्य फलाट वाचून जगभरची पोरं थरारली. पासधारकाने एक जांभई दिली. दादरला ९ डिसेंबर २०२३ रोजी मध्य रेल्वेच्या फलाटांचे आकडे बदलले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचे आठ ते चौदा झाले. वर्षानुवर्षं ज्या एक नंबरवर उभं राहून तो पुस्तक उघडत होता, तो एक नंबर रात्रीतून नाहीसा झाला. ना छडी, ना मंत्र, एक परिपत्रक. पुढचे कित्येक दिवस लोक जिन्यावर उभे राहून एकमेकांना “जुना तीन म्हणजे नवा किती?” असं विचारत होते आणि ज्याला उत्तर येई त्याच्याकडे डम्बलडोरकडे पाहावं तसं पाहत होते. पुस्तकातली खरी कल्पनाशक्ती त्याला वेगळीच जाणवली : जादूच्या शाळेची ती गाडी एक सप्टेंबरला बरोबर अकरा वाजता सुटते. दरवर्षी. अद्भुतरम्यतेलाही काही मर्यादा असावी.

जॉर्ज मार्टिनच्या सिंहासन-मालिकेवर तर डब्यात पैजच लागली होती. तिचा पहिला खंड १९९६ मध्ये आला, पाचवा २०११ मध्ये, आणि सहाव्याची वाट बघता बघता वाचकांचे केस पिकले. इकडे पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदाही आला. आधी काय येणार, सहावा खंड की पनवेलची लोकल? रेल्वेच्या मुदतींवर तोंडसुख घेण्यात ज्यांची हयात गेली, त्या सगळ्यांनी या पैजेत रेल्वेवर पैसे लावले. मध्य रेल्वेवर प्रवाशांनी एकमताने विश्वास टाकल्याचा हा प्रसंग नोंदवून ठेवण्यासारखा आहे आणि त्याचं श्रेय एका अमेरिकन कादंबरीकाराला जातं.

खरं म्हणजे अद्भुत हवं असेल तर पळसदरीच्या माणसाने मान वर करून घाटाकडे बघावं. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्येच आली होती, पलीकडे खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट प्रवाशांनी पाच वर्षं पालखीतून, तट्टावरून आणि बैलगाडीतून काढला. त्या घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार मजूर होते. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. मग त्याच्या विधवा पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका स्वतःच्या अंगावर घेतला, दोन जाणते इंजिनिअर हाताशी धरले आणि काम तडीला नेलं. एकोणिसाव्या शतकात, सह्याद्रीच्या कड्यावर, एका बाईच्या नावावर हजारो मजुरांचा ठेका! वर घाटात गाडी एका जागी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत होतं. ही गोष्ट कोणी कादंबरी म्हणून पाठवली असती तर संपादकाने ‘नायिका पटत नाही, आणि गाडी मागे का जाते?’ असा शेरा मारून परत केली असती.

गाडी मागे-पुढे होण्यावरून आठवण निघते ती चकव्याची. चकवा हे इकडच्या भुतांमधलं सगळ्यांत कष्टाळू भूत. ते मानगुटीवर बसत नाही, रक्त पीत नाही. रात्री एकट्या माणसाला वाट चुकवतं आणि पहाटेपर्यंत एकाच शेताभोवती फिरवत ठेवतं. जुन्या माणसांपैकी प्रत्येकाच्या एका तरी काकांना तो लागलेला असतो आणि त्यातले बहुतेक काका त्या रात्री कुठून येत होते, हा प्रश्न घरातल्या बायका विचारत नाहीत.

भयकथेत पासधारकाचे दैवत नारायण धारप. १९२५ ते २००८ एवढं आयुष्य, शिक्षण रसायनशास्त्रातलं, राहायला पुण्यात, आणि लिहिणं असं की बत्तीच्या उजेडात वाचणाऱ्याने स्वतःच्याच सावलीला दचकावं. त्यांच्या ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या १९७५ च्या व्हॅम्पायर-कादंबरीची दाट छाया आहे हे जाणकार सांगतात. पासधारकाला त्याचं कौतुकच वाटतं. अमेरिकेतल्या मेन प्रांतातलं भूत इतक्या दूर येऊन मराठी खेड्यात रुळलं, मराठी बोलायला लागलं आणि कोणाला परकं वाटलं नाही! पुण्यात भाड्याने खोली मिळवायला यापेक्षा जास्त त्रास होतो.

पण धारप लोकलमध्ये वाचण्यात एक अडचण आहे. पासधारकाच्या डब्यात भजनी मंडळ असतं. पुस्तकात रिकाम्या वाड्याच्या माडीवर पावलं वाजू लागतात, दाराची कडी आपोआप सरकते, आणि नेमक्या त्याच क्षणी कानाशी टाळ कडाडतात आणि तीस जण विठ्ठलाचा गजर करतात. कुठलं भूत टिकणार? पानावरचं भूत तिथल्या तिथे मोक्षाला जातं. पुढची चाळीस पानं धारप बिचारे एकटेच भीत राहतात. एकदा तर समोरच्या काकांनी मुखपृष्ठावरचा ‘समर्थ’ हा शब्द पाहिला, पुस्तकाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि विचारलं, “रोज पारायण करता?” काका पळसदरीच्या स्वामी समर्थ मठात जायला निघाले होते. हा समर्थ म्हणजे धारपांच्या कथांतला अघोरी शक्तींशी लढणारा नायक, हे सांगायचं पासधारकाच्या जिवावर आलं. “जमेल तसं करतो,” तो म्हणाला. तेव्हापासून काका त्याच्यासाठी जागा धरतात.

शिवाय भुतांच्या निवासाचा प्रश्न बिकट झाला आहे. भयकथेला ओसाड वाडा लागतो आणि कर्जत-खालापूर भागात आता ओसाड काही उरलेलं नाही. जिथे मुंज्याचा पिंपळ होता तिथे फार्महाऊस आलं. शुक्रवारी रात्री आठ गाड्या येतात, तरणतलावात निळे दिवे लागतात, आणि पहाटे तीनपर्यंत जो आवाज चालतो त्यात किंकाळी मारून कोणाला ऐकू जाणार? ‘तुंबाड’ सिनेमा आला २०१८ मध्ये. त्याचं बीज धारपांच्या कथेतलं. त्यातला पावसात कुजणारा तो वाडा बघून पासधारकाच्या अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या जमीन-दलालाच्या अंगावरही आला. “दोन एकर तरी असेल,” तो पुटपुटला. “रोड-टच आहे का?”

पळसदरीत खुनाचा तपास करायचाच झाला तर तो कोण करील, याचं उत्तर पासधारकाला अगदी अलीकडे मिळालं. रिचर्ड ऑस्मनचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ २०२० चं. इंग्लंडमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चार वयस्कर लोक दर गुरुवारी जमून जुन्या खुनांचा काथ्याकूट करतात आणि मग खरोखरचा खून त्यांच्या पुढ्यात येऊन पडतो. पुस्तक झकास आहे. पासधारकाने नेरळला येईपर्यंत मान वर केली नाही. फक्त ‘दर गुरुवारी’ याचं त्याला हसू आलं. पळसदरीच्या फलाटावरच्या बाकावर निवृत्तांची बैठक रोज असते, दोन सत्रांत. कोणाकडे कोण उतरलं, किती पिशव्या घेऊन, आणि परत जाताना त्यातल्या किती हलक्या होत्या, याची नोंद तोंडी पण बिनचूक. त्यांना प्रेत मिळालं नाही इतकंच. मिळतो तो नळाला पंप कोणी जोडला हा गुन्हा. त्यातला गुन्हेगार सगळ्यांना माहीत आहे. तोही त्याच बाकावर बसतो आणि तपासात हिरिरीने भाग घेतो. ख्रिस्तीबाईंना हे कथानक आवडलं असतं.

त्यानंतर भाचीने त्याच्या हातात एक जपानी कादंबरी ठेवली. केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, मूळ २००५ ची, इंग्रजीतून. पहिल्याच प्रकरणात खून. कोणी केला, कसा केला, कोणाचा केला, सगळं डोळ्यांसमोर. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो, तेही उघड. पासधारक संतापला. दादरलाच खुनी सांगून टाकला तर माणसाने पळसदरीपर्यंत करायचं काय? घरी येऊन त्याने पुस्तक टेबलावर आपटलं. पत्नीने सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं, वाचलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता पुस्तक मिटून ठेवलं. थोड्या वेळाने तिने ते पुन्हा उघडलं. या खेपेला पहिल्या पानापासून. त्या रात्री कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने ते हिसकावून पिशवीत घातलं. ठाणं गेलं. कल्याण गेलं. भजन सुरू झालं, आरती होऊन खडीसाखर वाटून झाली. त्याने हात पुढे केला पण मान वर केली नाही. नेरळला कोणीतरी पायावर पाय दिला, त्याचं भांडणही त्याने पुढच्या आठवड्यावर टाकलं. कर्जतला डबा रिकामा झाला, काका उतरले, खिडकी मिळाली. चाळीस पानं उरली होती. मग पंचवीस. गणिताच्या शिक्षकाने मांडलेलं सगळं गणित आता उलटायला लागलं होतं, आणि गाडी सुटली, थांबली, सुटली, थांबली.

तो उतरला तेव्हा फलाटावर ओळखीचं एकही कुत्रं भुंकलं नाही. तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता. बाकावर निवृत्तांपैकी कोणी नव्हतं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘केळवली’ लिहिलेलं होतं आणि कर्जतकडे जाणारी गाडी यायला बराच अवकाश होता. दिव्याखालचा बाक पाहून तो बसला आणि त्याने घरी फोन लावला.

“कुठे आहात अहो? भात निवतोय.”

“केळवलीला.”

“केळवलीला कशाला गेलात?”

पासधारकाने बोट घातलेलं पान सोडलं नाही. “चकवा लागला,” तो म्हणाला.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तिने विचारलं, “कितव्या पानावर?”